शाळेत पालकांची जागा कोणती?

जिल्हा परिषदेच्या बहुतेक शाळांच्या दर्शनी भिंतीवर शाळा व्यवस्थापन समितीची यादी रंगवलेली असते. अध्यक्ष, उपाध्यक्ष, सदस्य, सचिव. यादीतली बरीचशी नावे पालकांची असतात. शाळेचा कारभार पाहण्याचा अधिकार त्यांना कायद्याने दिला आहे. प्रत्यक्षात त्यांच्यापैकी अनेकांना शाळेचे बोलावणे येते ते ध्वजवंदनाला, स्नेहसंमेलनाला किंवा इतिवृत्तावर सही हवी असते तेव्हा. शहरातल्या खासगी शाळांत पालकाची ओळख फी भरणारा माणूस एवढीच उरत चालली आहे आणि त्याचे शाळेशी बोलणे व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरच्या सूचनांपुरते राहिले आहे. याच महाराष्ट्रात पालकांच्या आणि गावकऱ्यांच्या बळावर बंद पडू घातलेल्या शाळा पुन्हा भरल्याचेही दाखले आहेत.

पालकांच्या स्वयंसेवेने शाळेला नेमके काय मिळते, कोणत्या कामाने मिळते आणि कोणत्या कामाने मिळत नाही, याचा आढावा घेण्याचा हा प्रयत्न आहे. माझे मत आधीच सांगतो. पालकांनी पैसे दिले की इमारत सुधारते. पालकांनी मुलांच्या शिकण्याच्या जवळचे एखादे ठरावीक काम हाती घेतले आणि त्या कामासोबत त्यांना प्रश्न विचारण्याचा हक्कही मिळाला, की शाळा सुधारते. आपल्याकडे पहिल्या प्रकारच्या सहभागाचे कौतुक फार होते. दुसऱ्याला मात्र अजून पुरेशी जागा मिळालेली नाही.

वर्गणीची जुनी परंपरा

शाळा उभी करणे हे गावाचे काम आहे, ही समजूत महाराष्ट्रात जुनी आहे. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली कराड तालुक्यातल्या काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली. बहुजन समाजातल्या मुलांच्या वसतिगृहांसाठी त्यांनी गावोगाव फिरून घराघरांतून मूठमूठ धान्य गोळा केले. ज्या घरातून मूठभर ज्वारी जात होती, त्या घराला शाळेबद्दल बोलण्याचा अधिकारही आपोआप मिळत होता. देणगीचा आकार लहान असल्यामुळे देणाऱ्यांची संख्या मोठी राहिली आणि संस्था कोणा एका धनिकाची झाली नाही.

दुसरा धागा पालघर जिल्ह्यातला. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे काम सुरू केले आणि पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर नेले. आदिवासी पाड्यांवरची मुले शाळेत येत नव्हती, म्हणून त्यांनी शाळा अंगणात नेली आणि गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणात नेली. अंगणात वर्ग भरू लागला की शिकवणे घराच्या डोळ्यांसमोर होते. आई, आजी, थोरली बहीण काम करता करता ते पाहतात, ऐकतात, हळूहळू हात लावतात. रयतेच्या कामात समाज शाळेकडे गेला होता, इथे शाळा समाजाकडे आली. आजच्या पालक-सहभागाच्या जवळजवळ सगळ्या कल्पना या दोन धाग्यांतून निघालेल्या दिसतात.

कोकणात तिसरे रूप दिसते. मुंबईला गेलेल्या चाकरमान्यांची गावोगावची मंडळे शाळेच्या छपरासाठी, बाकांसाठी, वह्यांसाठी आजही पैसे पाठवतात. पण मुले स्थलांतरामुळे कमी होत जातात तशी शाळाही रिकामी होते. वर्गणीने छप्पर टिकते. पटासाठी मात्र गावात नांदती घरे लागतात.

अलीकडचे ठळक उदाहरण पुणे जिल्ह्यातल्या खेड तालुक्यातील जालिंदरनगरच्या जिल्हा परिषद शाळेचे आहे. पट घसरल्याने ती बंद पडण्याच्या बेतात होती. दत्तात्रय वारे गुरुजी तिथे आल्यानंतर गावाने साथ दिली, शाळा नव्याने उभी राहिली आणि २०२५ मध्ये टी-फोर एज्युकेशनच्या जागतिक शाळा पुरस्कारांत लोकांच्या मतदानावर ठरणारा कम्युनिटी चॉइस पुरस्कार तिला मिळाला. मोठी मुले लहान मुलांना शिकवतात, ही तिथली पद्धत विशेष गाजली. गावाचा विश्वास बसला होता म्हणून असा प्रयोग करण्याची मोकळीक शाळेला मिळाली, हे त्यातले शिकण्यासारखे.

कायद्याने दिलेला अधिकार

बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम २००९ मध्ये झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या कलम २१ प्रमाणे शासकीय, स्थानिक स्वराज्य संस्थांच्या आणि अनुदानित शाळांत व्यवस्थापन समिती असावी लागते. तिच्यात किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात, निम्म्या महिला असतात आणि वंचित व दुर्बल घटकांतल्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा असते. शाळेच्या कामावर देखरेख, शाळा विकास आराखडा तयार करणे आणि अनुदानाचा विनियोग पाहणे ही तिची कामे आहेत. महाराष्ट्रात समितीचा अध्यक्ष पालकांमधून निवडला जातो आणि मुख्याध्यापक सचिव असतो. २०१२ च्या दुरुस्तीनंतर अल्पसंख्याक आणि अनुदानित शाळांत ही समिती केवळ सल्लागार राहिली. विनाअनुदानित शाळांना कलम २१ लागूच होत नाही.

खासगी शाळांसाठी राज्याचा शुल्क विनियमन कायदा आहे, २०११ चा. त्यानुसार प्रत्येक पालक हा पालक-शिक्षक संघाचा सदस्य असतो. इच्छुक पालकांतून चिठ्ठ्या टाकून कार्यकारी समिती ठरते आणि व्यवस्थापनाच्या फीच्या प्रस्तावावर तिची संमती लागते. चिठ्ठ्यांची तरतूद फार मोलाची आहे, कारण तिच्यामुळे शाळेला सोयीचे पालक निवडता येत नाहीत. मात्र चिठ्ठीत नाव निघालेल्या पालकाला ताळेबंद वाचता आला पाहिजे, आणि तो वाचायला शिकवण्याची व्यवस्था बहुतेक ठिकाणी नाही.

व्यवस्थापन समितीच्या हातातला पैसा किती, हेही पाहावे. समग्र शिक्षा अभियानाच्या निकषांप्रमाणे पट तीसपर्यंत असेल तर शाळेला वर्षाला १०,००० रुपयांपर्यंत आणि शंभरपर्यंत असेल तर २५,००० रुपयांपर्यंत संयुक्त अनुदान मिळते. खडू, वीजबिल, किरकोळ दुरुस्ती, स्वच्छता, सगळे त्यातच भागवायचे. मग लोकवर्गणीचा विषय निघतो आणि समितीची बैठक विकास आराखड्यावरून घसरून कंपाउंड वॉलवर येते. शिवाय निरनिराळ्या योजनांसाठी शाळेत समित्यांचा ढीग झाला होता. तीच पाचसहा माणसे वेगवेगळ्या वहीत सह्या करत होती. २०२५ मध्ये शासनाने या समित्यांचे एकत्रीकरण केले, ते योग्यच झाले.

पालक काय काय करतात

अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या जॉयस एप्स्टाइन यांनी १९९० च्या दशकात पालक-सहभागाचे सहा प्रकार सांगितले आणि जगभरचे अभ्यासक अजून ते वापरतात: घरातले संगोपन, शाळेशी संवाद, शाळेत स्वयंसेवा, घरी शिकण्याला मदत, निर्णयात सहभाग आणि परिसराशी जोडणी. या यादीवरून आपल्याकडचे काम पाहिले, तर एक असमतोल लगेच दिसतो. स्वयंसेवेत आपण रंगरंगोटी, झाडे लावणे, संमेलनाचा मांडव, सहलीला सोबत यांत पुढे आहोत. निर्णय आणि शिकणे या दोन ठिकाणी मागे आहोत.

काही कामे साधी दिसतात, पण त्यांचा परिणाम खोल असतो. शालेय पोषण आहार मुलांना वाढण्याआधी शिक्षकाने आणि पालकाने चाखून चव रजिस्टरमध्ये नोंद करायची असते. आया आळीपाळीने खरोखर येऊन जेवण चाखतात, तिथे तांदूळ कसा आला, डाळ किती पडली, भाजी कोणती होती यावर रोज एक नजर असते. निरीक्षणाला आलेला अधिकारी वर्षातून एकदोनदा दिसतो, आई मात्र रोज येऊ शकते. शिवाय वेगवेगळ्या वस्त्यांतल्या आया एकाच पातेल्यातले चाखतात, याचे सामाजिक मोल ज्यांना आपले गाव माहीत आहे त्यांना वेगळे सांगायला नको.

बालआनंद मेळाव्यातला मुलांचा बाजार हे दुसरे उदाहरण. मुले मेथीच्या जुड्या, भेळ, लिंबू सरबत विकतात, पालक गिऱ्हाईक होऊन येतात आणि सुट्ट्या पैशांचा हिशेब मुलाने चुकवला तर तिथल्या तिथे दुरुस्त करतात. अक्षरओळख नसलेली आईही इथे शिक्षिका असते, कारण मापाचा आणि पैशाचा हिशेब तिला कोणाहून कमी येत नाही. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दप्तराविना दहा दिवस सांगितले आहेत. ते दिवस सुतार, कुंभार, गवंडी, शेतकरी, परिचारिका असलेल्या पालकांच्या हाती दिले, तर त्या मुलांना आपल्या आईबापांच्या कामाकडे नव्या मानाने पाहता येईल. फलटणचे कमला निंबकर बालभवन, कोल्हापूरचे सृजन आनंद विद्यालय, पुण्याचे अक्षरनंदन अशा प्रयोगशील मराठी शाळांनी परिसर आणि पालक हे शिकण्याचे साधन आहे, हे फार आधी ओळखले होते.

पुरावा काय सांगतो

भारतात या विषयावरचा सर्वात डोळे उघडणारा अभ्यास उत्तर प्रदेशातल्या जौनपूर जिल्ह्यातला आहे. अभिजित बॅनर्जी, रुक्मिणी बॅनर्जी, एस्थर डफ्लो, रेचेल ग्लेनरस्टर आणि स्तुती खेमाणी यांनी तो केला आणि २०१० मध्ये प्रसिद्ध केला. तिथे ग्राम शिक्षण समित्या कागदावर होत्या, पण बहुतेक गावकऱ्यांना त्या असल्याचेच माहीत नव्हते. संशोधकांनी गावांचे गट केले. काही गावांत सभा घेऊन समितीचे अधिकार समजावले. काही गावांत त्याबरोबर मुलांना वाचता येते का हे तपासायला लोकांना शिकवले. तिसऱ्या गटात या दोन्हींच्या जोडीला गावातल्या स्वयंसेवकांना शाळेबाहेर वाचनवर्ग घेण्याचे प्रशिक्षण दिले.

पहिल्या दोन गटांत जवळपास काहीच बदलले नाही. शाळेवरचा लोकांचा दबाव वाढला नाही, मुलांचे वाचनही सुधारले नाही. तिसऱ्या गटात स्वयंसेवक पुढे आले आणि वर्गाला बसलेल्या मुलांचे वाचन स्पष्टपणे सुधारले. ते स्वयंसेवक बहुतेक तरुण होते, सगळे पालक नव्हते. तरी धडा पालकांनाही लागू पडतो. लोकांना नुसती माहिती दिली आणि समितीचे दार उघडून दिले, तर ते आत येतीलच असे नाही. स्पष्ट, जमण्याजोगे आणि मुलाला थेट उपयोगी काम दिले तर मात्र माणसे वेळ काढतात.

आयांविषयीचा पुरावा बिहार आणि राजस्थानातल्या एका मोठ्या प्रयोगातून आला. तो २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. आयांसाठी साक्षरतेचे वर्ग, मुलाबरोबर घरी करायच्या कृतींचे साहित्य आणि दोन्ही एकत्र, असे तीन मार्ग त्यात तपासले होते. मुलांच्या गणितातली प्रगती लहान होती, पण मोजता येईल इतकी होती. आयांचे स्वतःचे शिकणे पुढे गेले आणि मुलांच्या अभ्यासात त्यांचा सहभाग वाढला. चमत्काराची अपेक्षा ठेवू नये. पण ज्या घरात पुस्तक नाही तिथे मुलाच्या शिकण्याबद्दल आई रोज बोलू लागते, हे मी लहान यश मानत नाही.

माता गट: महाराष्ट्राचा चांगला प्रयोग

या दोन्ही धड्यांची सांगड महाराष्ट्रात शाळापूर्व तयारी अभियानात घातली गेली. कोविडच्या काळात अंगणवाड्या बंद राहिल्याने पहिलीत येणारी मुले तयारीविना येणार होती. २०२२ मध्ये राज्याने ‘प्रथम’ या स्वयंसेवी संस्थेच्या साथीने ‘पहिले पाऊल’ सुरू केले. शाळेत मेळावा भरतो. नोंदणी, शारीरिक विकास, बौद्धिक विकास, सामाजिक व भावनिक विकास, भाषा, गणनपूर्व तयारी आणि पालकांना मार्गदर्शन असे सात टेबल मांडलेले असतात. मूल आईचे बोट धरून एकेका टेबलावर जाते. मेळावा संपला की वस्तीनिहाय माता गट होतात, त्यातली एक लीडर माता होते आणि पुढच्या मेळाव्यापर्यंतच्या आठवड्यांत आया एकत्र बसून मुलांकडून कृती करून घेतात. मणी ओवणे, धान्य वेगळे करणे, भांडी लहानमोठ्या क्रमाने लावणे, गोष्ट सांगणे.

या रचनेत चार गोष्टी जमून आल्या आहेत. काम ठरलेले आहे, मुदत ठरलेली आहे, साहित्य घरातलेच आहे आणि लिहिता-वाचता येण्याची अट नाही. शिवाय गट वस्तीतच भरतो, त्यामुळे शाळेच्या पायऱ्या चढायला संकोचणारी आईही येते. गटातली ओळख नंतर टिकते. कोणाचे मूल शाळेत येत नाही, कोणाच्या घरी आजारपण आहे, हे शिक्षकांना हजेरीपटाच्या आधी माता गटाकडून कळते. शाळेचा समाज बनतो म्हणजे प्रत्यक्षात हे होते.

जिथे पालकच गावात नसतात

बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांत दिवाळीनंतर ऊसतोडणीसाठी जोडपी गाव सोडतात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. पूर्वी मुले त्यांच्याबरोबर फडावर जात आणि शाळा तुटे. त्यावर आधी साखरशाळांचा आणि नंतर हंगामी वसतिगृहांचा उपाय निघाला. मूल आजीआजोबांकडे किंवा नातलगांकडे गावातच राहते, जेवणाची सोय शासनाच्या निधीतून होते आणि व्यवस्था शाळा व्यवस्थापन समिती पाहते. गावात उरलेल्या पालकांनी गावाबाहेर गेलेल्या पालकांच्या मुलांची जबाबदारी घ्यायची, यापेक्षा मोठी स्वयंसेवा कोणती असेल?

हीच योजना समितीच्या दर्जाची कसोटीही पाहते. समिती जागी असेल तिथे मुले जेवतात, झोपतात, शाळेत टिकतात. समिती नावापुरती असेल तिथे कागदावरचा पट आणि ताटावरची मुले यांत अंतर पडते. अनुदान तेच, नियम तेच. फरक पडतो तो लक्ष ठेवणाऱ्या माणसांमुळे.

कोण येऊ शकत नाही

पालकसभा सकाळी अकराला ठेवली की शेतमजूर, बांधकाम मजूर, घरकाम करणारी बाई गैरहजर राहणार, हे ठरलेलेच. त्यांना सभेला यायचे तर दिवसाचा रोज बुडवावा लागतो. मग मुलांच्या अभ्यासाबद्दल त्यांना काही पडलेले नाही, असे शाळा म्हणते. हा आरोप अन्यायाचा आहे. सभा संध्याकाळी, वस्तीवर, आठवडी बाजाराच्या सुट्टीच्या दिवशी घेतली की तीच माणसे येतात.

आत आल्यावरही सगळे समान नसतात. गावातल्या वजनदार घरातला पालक अध्यक्ष होतो, पारधी किंवा कातकरी वस्तीतले नाव नियमापुरते लागते आणि बैठकीत ते बोलत नाही. महिला सदस्याच्या ऐवजी नवरा येतो. स्वयंसेवेचा भार मात्र आयांवर पडतो: स्वयंपाक, रांगोळी, मुलांना सजवणे. वडिलांना पाहुण्यांच्या खुर्च्या. बापाने वाचनकट्ट्यावर गोष्ट वाचून दाखवली, आईने हिशेबाची वही तपासली, तर शाळेतली मुले घरातल्या आणि गावातल्या न्यायाविषयी पाठ्यपुस्तकापेक्षा जास्त शिकतील.

सीमा आणि धोके

स्वयंसेवेचे कौतुक करताना एक रेघ ठळक ओढली पाहिजे. रिक्त शिक्षकपदावर गावाने वर्गणी काढून कोणाला नेमणे, हा लोकसहभाग म्हणून मिरवण्यासारखा प्रकार नाही. शासनाने पाळायच्या जबाबदारीची ती भरपाई आहे आणि श्रीमंत गावाला ती परवडते, गरीब पाड्याला परवडत नाही. वर्गणीवर चालणाऱ्या सुधारणेने शाळांमधली दरी वाढते. म्हणून शिक्षक, इमारत, पाणी, स्वच्छतागृह हे शासनाने द्यायचे आणि पालकांनी त्याचा पाठपुरावा करायचा, ही विभागणी सोडू नये.

दुसरा धोका सुरक्षिततेचा. शाळेत येणारा प्रत्येक मोठा माणूस केवळ पालक आहे म्हणून विश्वासार्ह ठरत नाही. २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेत लहान मुलींवर झालेल्या अत्याचाराच्या घटनेनंतर राज्यभर या प्रश्नाची जाणीव तीव्र झाली. २०२२ मध्येच शासनाने मुलांच्या सुरक्षिततेसाठी शाळांत सखी सावित्री समितीची तरतूद केली होती. मुलांबरोबर एकट्याने न थांबणे, येण्याजाण्याची नोंद ठेवणे, मुलांचे फोटो परवानगीविना न पसरवणे हे नियम स्वयंसेवक पालकांनी स्वतःहून मान्य करायला हवेत. एका मुलाच्या मार्कांची किंवा घरच्या अडचणीची चर्चा ग्रुपवर न करणेही त्याच नियमात येते.

तिसरी अडचण शिक्षकांच्या बाजूची आहे. पालक वर्गात आले की तपासणी सुरू झाली, असे शिक्षकांना वाटते आणि कधीकधी तसे होतेही. शिकवण्याची पद्धत शिक्षकाने ठरवायची, मूल शिकते आहे का हे पालकाने विचारायचे, एवढी मर्यादा दोघांनी पाळली की ताण बराच कमी होतो.

सातासमुद्रापारचा पुरावा

पालकांच्या स्वयंसेवेवरच उभ्या असलेल्या शाळा पाहायच्या तर अमेरिकेतल्या मराठी शाळा पाहाव्यात. बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या छत्राखाली चालणाऱ्या या शाळांत आठवडाभर नोकरी करणारे आईबाप सुट्टीच्या दिवशी शिक्षक होतात. अभ्यासक्रम आणि परीक्षा यांसाठी पुण्याच्या भारती विद्यापीठाचे साहाय्य मिळाले आहे. आजीआजोबा भारतातून आले की गोष्टी सांगायला बसतात. शिक्षणशास्त्राची पदवी यांतल्या बहुतेकांकडे नाही. त्यांच्याकडे ठरलेला अभ्यासक्रम आहे, ठरलेला वेळ आहे आणि आपले मूल आपली भाषा बोलेल ही आस आहे. याच भाषेच्या शाळा मुंबई-पुण्यात पटाअभावी बंद होत असताना, परदेशातले पालक त्या स्वतःच्या श्रमाने उघडतात, यावर इथल्या मराठी पालकांनी थांबून विचार करावा.

काय करता येईल

हा सगळा आढावा थोडक्या सूचनांवर येऊन थांबतो. जूनमध्ये शाळेने पालकांसमोर कामांची यादी ठेवावी आणि प्रत्येक कामापुढे वेळ लिहावा: आठवड्यातून अर्धा तास गोष्टवाचन, महिन्यातून एकदा आहार चाखणे, वर्षातून एक दिवस आपला व्यवसाय दाखवणे. अर्धा तास देणाऱ्यालाही त्या यादीत मानाची जागा असावी. समितीच्या बैठकीत पहिला विषय मुलांच्या वाचनाचा आणि हिशेबाचा असावा, कंपाउंडचा नंतर. अनुदानाचा जमाखर्च फलकावर लिहावा. समितीच्या सदस्यांना, विशेषतः पहिल्यांदा निवडून आलेल्या महिलांना, अंदाजपत्रक वाचण्याचे प्रशिक्षण केंद्रप्रमुखांनी द्यावे. निदान वर्षातून दोन सभा वस्तीवर घ्याव्यात.

यातले काहीच खर्चिक नाही. अवघड एवढेच आहे की शाळेने पालकाला मदतनीस समजणे सोडून भागीदार मानावे लागेल, आणि पालकाने आपल्या मुलाच्या पलीकडे शेजारच्या बाकावरच्या मुलाचाही विचार करावा लागेल. स्वतःच्या मुलासाठी तर प्रत्येकजण धडपडतो. दुसऱ्याच्या मुलासाठी अर्धा तास देणारी माणसे ज्या शाळेला मिळतात, तिचा पट टिकतो, तिच्या शिक्षकांना बळ येते आणि तिच्याबद्दल शासनाला जाब विचारणारा आवाज गावात तयार होतो. सरकारी शाळा वाचवण्याची भाषा आपण फार दिवस बोलत आहोत. तो आवाज तयार करणे हाच त्या कामाचा पाया आहे.